कागदावरची मावसबहीण

शुक्रवारी दुपारी बोग्नाच्या पायाला जी भिंगरी लागली, ती काही केल्या थांबेना. तालुक्याच्या इस्पितळाचा तळमजला. चौकशीच्या खिडकीपासून कॉफीच्या यंत्रापर्यंत एकोणीस पावलं, आणि परत येताना सतरा, कारण परत येताना ती जवळजवळ धावतच असे. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसली की दुसऱ्याच क्षणी ती उठत होती.

बोग्ना धुराडी साफ करते. ओल्शानीत आणि आसपासच्या सात गावांत नोव्हेंबरमध्ये तिच्याइतकं कामात कुणी नसतं. थंडी पडली, भट्ट्या पेटल्या, की ज्याला त्याला आपलं धुराडं आठवतं. सकाळी ती शाळेच्या छपरावर असताना कालिनाचा निरोप आला होता: 'ताप ३८.६. बाळाचे ठोके आहेत म्हणतात. अजून थांबू म्हणतात.' बोग्ना छपरावरून उतरली ती तशीच गाडीत बसली. अंगात काळा डगला, त्यावर पितळी बटणांच्या दोन रांगा, खांद्यावर तारेच्या ब्रशाचं वेटोळं, गालावर काजळी. आता धुराडीवाली दिसली की आपल्या लोकांचा हात आपसूक स्वतःच्या कोटाच्या बटणाकडे जातो. बटण धरलं की नशीब फळफळतं, यावर शिकले-सवरलेलेही विश्वास ठेवतात. पायाला प्लास्टर घातलेल्या एका आजोबांनी धरलं, औषधांच्या खिडकीतल्या मुलीनं धरलं. एका बाईच्या जाकिटाला नुसतीच चेन होती, तर तिनं शेजारणीचं बटण धरलं. सगळ्या तळमजल्याचं नशीब उजळत होतं आणि जिच्यामुळे उजळत होतं तिला वरचा जिना चढू देत नव्हते.

"पुन्हा तुम्हीच?" खिडकीतल्या सिस्टर इर्मिनानं चष्म्यावरून पाहिलं.

"ताप किती आहे, एवढंच सांगा."

"पेशंटच्या कोण तुम्ही?"

"मावसबहीण. सांगितलं ना सकाळी."

"मग मावसबहिणीनं मावशीला विचारावं. कागदावर आईचं नाव आहे, माहिती आईलाच देणार. आणि तो झाडू जरा लांब धरा, काच काळी होतेय."

त्या कागदाची गोष्ट अशी. बुधवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात बटाटे सोलताना कालिनाचं गर्भाचं पाणी गेलं. पाचवा महिना, विसावा आठवडा. तासाभरात दोघी इथे पोचल्या. भरती करताना एक कागद पुढे आला: माझ्या प्रकृतीची माहिती कोणाला द्यावी. त्या एका कागदापुरता आपला कायदा मनानं मोठा आहे. तिथे शेजारणीचं नाव चालतं, मैत्रिणीचं चालतं, पाववाल्याचंसुद्धा चालतं. कालिनानं पेन टेकवलं आणि तेवढ्यात या इर्मिनाबाईंनी बोग्नाला विचारलं, "तुम्ही कोण?" बोग्ना विचार करायच्या आत तिचं तोंड बोलून गेलं, "मावसबहीण." "मग आईचंच नाव लिहा की," सिस्टर म्हणाली, "स्तेफानियाबाईंना इथे कोण ओळखत नाही?" आणि कालिनानं आईचं नाव लिहिलं. बोग्ना शेजारी उभी राहून बघत राहिली. खोटं बोलायची सवय एकदा लागली की खरं बोलायची वेळ आली तरी जीभ वळत नाही.

नऊ वर्षं झाली होती त्या सवयीला. दोन बायकांचं लग्न आपल्याकडे लागत नाही, घटनेतच तसं लिहून ठेवलंय. मग एका घरात राहणाऱ्या दोन बायकांना काहीतरी असावंच लागतं. घरमालकासाठी त्या मावसबहिणी होत्या. कालिना ज्या बालवाडीत शिकवते तिथल्या मुख्याध्यापिकेसाठी मावसबहिणी. जानेवारीत घराला आशीर्वाद द्यायला येणारे फादर कोण कुठे राहतं ते आपल्या वहीत टिपून नेतात, त्या वहीतही मावसबहिणी. फक्त कालिनाच्या आईपुढे हे नातं चालण्यासारखं नव्हतं, कारण तिला बहीणच नव्हती. तिच्यासाठी बोग्ना निम्मं भाडं भरणारी भाडेकरू होती. दोन खोट्या गोष्टी दोन वेगळ्या खणांत ठेवायच्या आणि किल्ल्या हरवू द्यायच्या नाहीत, असा संसार.

त्यात यंदा तिसरा खण उघडला. मूल हवं होतं दोघींनाही. आपल्या दवाखान्यात तसले उपचार नवरा-बायकोलाच मिळतात, म्हणून त्या डेन्मार्कला जाऊन आल्या. तीनदा गेल्या, तिसऱ्यांदा राहिलं. आईला सांगितलं, नॉर्वेतला एक सुतार होता, गेला सोडून. कुठल्याही दुसऱ्या आईनं थयथयाट केला असता. स्तेफानियाबाईंनी मात्र मेणबत्ती लावली. मुलीबद्दल गावात जी कुजबूज होती, तिला या पळपुट्या सुताराइतकं चांगलं उत्तर कुठून मिळणार? त्यांनी तीन मोजे विणले. तिसरा कशाला, तर एक हरवतोच म्हणून.

फोन थरथरला. कालिनाचा निरोप. 'थंडि वजतेय खुप.' बालवाडीच्या फळ्यावरचं शुद्धलेखनही तपासणारी कालिना असं लिहीत नसे. बोग्नानं ते तीनदा वाचलं. मग ती गाडीकडे पळाली.

परत आली ती घडीची शिडी, हवा मोजायचं यंत्र आणि पावतीपुस्तक घेऊन. दर हिवाळ्यात या इमारतीतल्या हवेच्या झडपा तीच तपासते. या वर्षीची तपासणी डिसेंबरात होती, पण दारावरच्या पहारेकऱ्याला तारखा कुठे पाठ असतात?

"दुसरा मजला," ती म्हणाली. "झडपा बघायच्यात."

"बघा बाई, बघा. गुदमरून मेलं कुणी तर पुन्हा आमच्याच डोक्यावर," पहारेकरी म्हणाला आणि एका हातानं बटण धरून दुसऱ्या हातानं त्यानं दार उघडलं.

चार नंबरच्या खोलीत दोन खाटा होत्या. पहिलीवर नऊ महिने भरलेली एक बाई सफरचंद खात बसली होती. दुसरीवर दोन ब्लँकेटांखाली कालिना होती. तिचे दात वाजत होते, ते दारातूनच ऐकू येत होतं. बोग्नानं शिडी कालिनाच्या उशाशी लावली, दोन पायऱ्या चढून यंत्र जाळीसमोर धरलं आणि मान न वळवता, जाळीशीच बोलावं तशी बोलली.

"किती?"

"एकोणचाळीस पॉइंट चार. तू अशी रंगून आलीस? निदान तोंड तरी धुवायचंस."

"तोंडाचं राहू दे. आणखी काय होतंय?"

"पाय गार, डोकं गरम. भट्टी उलटी लागलीय, मिस्त्री. बघ काही जमतंय का."

बोग्ना खाली उतरली. पांघरुणात हात घालून तिनं पावलं धरली. बर्फ. गुडघ्यांवर निळसर जांभळे चट्टे उठले होते. काल ते नव्हते, काल कालिनानं फोटो पाठवला होता, पायांत हिरवे मोजे, गुडघे उघडे.

"ऊठ. निघू आपण. स्वतःच्या जबाबदारीवर सही करून जाता येतं. जेशुवच्या मोठ्या इस्पितळात दीड तासात पोचवते."

"सकाळीच ठरवलं होतं मी. उभी राहिले आणि पडले." कालिनानं डोळे मिटले. "सकाळी ठोके ऐकवले त्यांनी. एकशे चाळीस. तुझ्यासारखं नुसतं पळतंय. ते थांबलं की मला हात लावतील म्हणतात. म्हणजे मी इथे पडून कशाची वाट बघतेय, कळतंय ना तुला? आपल्याच बाळाच्या..."

शेजारच्या खाटेवरची बाई सफरचंद तसंच हातात धरून बघत होती.

"आई येतेय दोनच्या बसनं," कालिना म्हणाली. "नॉर्वेवाला तसाच राहू दे. वचन दे, बोग्ना. तिनं ऐकलं तर ती मरेल."

"इथे मरायला टेकलंय कोण आणि काळजी कुणाची!"

"वचन दे."

"दिलं," बोग्ना म्हणाली. तिला त्या क्षणी कालिनाचा इतका राग आला की तिथेच भांडावंसं वाटलं, आणि तेवढीच भीती वाटली.

डॉक्टर ओझोग दारात उभे होते. पन्नाशीचा, खांदे पडलेला माणूस. त्यांनी शिडीकडे पाहिलं, बोग्नाच्या हाताकडे पाहिलं, तो हात अजून पांघरुणातच होता. तिला घेऊन ते चादरी ठेवायच्या खोलीत गेले आणि दार लावलं.

"मावसबहीण नाही तुम्ही."

"नाही."

"मला वाटलंच. मला ते काही नको सांगू... नका सांगू."

"तिचे गुडघे पाहिलेत?"

"पाहिलेत. रक्तात विष भिनायला लागलंय."

"मग? आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भ काढणं चालतं ना तुमच्या कायद्यात? मी वाचलंय."

"चालतं हो. पण धोका म्हणजे किती? ताप एकोणचाळीस म्हणजे धोका, की चाळीस? ते कुठे लिहिलंय? मी आज केलं आणि उद्या कुणी तक्रार केली, तर सरकारी वकील विचारणार, बाई बोलत होती ना, विनोद करत होती ना, मग कसला धोका? शेजारच्या तालुक्यात पोलिसांनी पहाटे येऊन डॉक्टरांच्या कागदांची कपाटंच्या कपाटं उचलून नेली. तीन वर्षं तुरुंग आहे याला. मला दोन मुलं आहेत."

"म्हणजे ती आजारी आहे, पण पुरेशी आजारी नाही."

डॉक्टरांनी तोंड दोन्ही हातांनी चोळलं. "तक्रार कोण करेल, तुम्हाला माहीत नाही? दर पहिल्या शनिवारी फाटकाबाहेर बारा बायका माळ जपतात. माझं नाव घेऊन जपतात, ओझोगच्या पापी आत्म्यासाठी. सगळ्यांत पुढे, पोस्टर धरून कोण असतं? तुमच्या त्या चार नंबरची आई. गर्भपातबंदीच्या कायद्यासाठी सह्या गोळा केल्या तेव्हा या गावातून अकराशे सह्या एकट्या तिनं आणल्या. आणि आता मी तिच्याच नातवाला... तिनं माझ्यासमोर, दुसऱ्या डॉक्टरांसमोर तोंडानं म्हणू दे, माझ्या मुलीला वाचवा. अर्ध्या तासात टेबलावर घेतो. नाहीतर मला थांबावं लागेल."

"किती?"

"ठोके थांबेपर्यंत. किंवा ती बोलायची थांबेपर्यंत."

खालून कुणाचा तरी चढा आवाज आला. दोनची बस आली होती.

"भाची? कुठली भाची?" स्तेफानियाबाई खिडकीशी उभ्या होत्या. एका हातात डबा, दुसऱ्यात कापडी पिशवी, डोक्याला लोकरी रुमाल. चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली बाई. दुसऱ्याच्या खिडकीपुढे उभं राहणं तिला अपमानाचं वाटे. "इर्मिना, शुद्धीवर आहेस ना? मला बहीण नाही तर भाची आकाशातून पडली?"

"सकाळपासून इथे येरझाऱ्या घालतेय की! धुराडीवाली. मावसबहीण म्हणाली."

"धुराडीवाली तर भाडेकरू आहे."

दोन्ही खण एकाच वेळी उघडले होते. जिन्यावरून बोग्ना उतरत होती, हातात शिडी. सिस्टर इर्मिनाचा चेहरा लाल झाला. "ही वर कशी गेली? अहो पहारेकरी! खोटं नातं सांगून आत घुसतात! नाव सांगा तुमचं, पोलिसांत देते."

"द्या," बोग्ना म्हणाली. "आधी मला काकूंशी दोन मिनिटं बोलायचंय."

"मला नाही बोलायचं काही. मला माझ्या पोरीकडे जायचंय," स्तेफानियाबाई म्हणाल्या. पण बोग्नानं त्यांचा दंड धरला होता, आणि काजळी रुमालाला, कोटाला, सगळीकडे लागत होती. तळमजल्यावरच्या प्रार्थनाघराच्या दारापाशी गरम पाण्याच्या पाइपांजवळ तिनं त्यांना नेलं.

"काकू, कालिना मरतेय."

"देव करो आणि तुझी जीभ झडो. आम्ही सगळ्या कालपासून जप करतोय. पाणी गेलं म्हणून काय झालं, पाणी पुन्हा भरतं. मिएत्साबाईंच्या सुनेचं भरलं. बाळाचे ठोके चांगले आहेत, मला फोनवर सांगितलंय."

"ठोके चांगले आहेत म्हणूनच तर मरतेय. तिला आतून विष चढलंय आणि ठोके चालू आहेत तोवर डॉक्टर हात लावत नाहीत. तुम्हाला घाबरतात."

"मला? मी एक म्हातारी बाई!"

"तुम्हीच फाटकाबाहेर त्यांच्या नावानं माळ ओढता."

"त्यांच्या भल्यासाठीच ओढते!"

"तुम्ही एकदा म्हणा त्यांना. मुलीला वाचवा, एवढंच म्हणा."

स्तेफानियाबाईंचा हात कोटाच्या खिशात गेला, माळेवर. "म्हणजे बाळाला मारा म्हणू? माझ्या नातवंडाला? त्याचा बाप टाकून पळाला, आता आजीनंही टाकायचं?"

बोग्नानं वचन दिलं होतं. पंचवीस मिनिटंही झाली नव्हती. पण ते वचन पाळायचं आणि कालिनाच्या कबरीवर फुलं घेऊन जायचं, तेही पुन्हा मावसबहीण म्हणून, हे तिला परवडणारं नव्हतं.

"बाप कुणी नाही, काकू. नॉर्वेत कुणी सुतार नाही. आम्ही डेन्मार्कला गेलो होतो, दवाखान्यात. बाळ आमचं आहे. तिचं आणि माझं. नऊ वर्षं मी तुमच्या मुलीची... नवरा म्हणा, बायको म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. भाडेकरू नाही."

स्तेफानियाबाई पाइपावर टेकल्या. पाइप चांगलाच तापलेला होता, पण त्यांनी हात काढला नाही.

"म्हणजे ती एकच खोली गरम करायची तुमची सवय..." त्या म्हणाल्या. "मला म्हणायची, कोळसा वाचतो."

"कोळसाही वाचतो."

"थट्टा करतेस? माझ्या तोंडावर?"

"मला बोलता येत नाहीये, काकू, म्हणून काहीतरी बोलतेय. ते बाळ मला किती हवं होतं, तुम्हाला काय सांगू! तुम्ही तीन मोजे विणलेत, मी पाळणा केलाय. हातानं रंधा मारून. तुमच्यापेक्षा मला काही ते कमी हवं नाहीये. पण ते वाचणार नाही, दोन दिवसांपूर्वीच कळलंय सगळ्यांना. आता एकच जण वाचू शकतं. वर जा आणि तिचे गुडघे बघा. बघून मग मला शिव्या द्या."

स्तेफानियाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. डबा तिथेच ठेवून त्या जिना चढायला लागल्या. लिफ्ट होती, पण त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बोग्ना खाली थांबली. एकोणीस पावलं, सतरा पावलं. पहारेकरी तिच्या मागे मागे फिरत होता, तिला बाहेर काढायचं त्याला जिवावर आलं होतं. धुराडीवालीला हाकलणं म्हणजे वर्षभराचं नशीब हाकलणं. "बसा तरी, बाई," तो म्हणाला. ती बसली नाही. डब्यातून बीटाच्या सुपाचा वास येत होता, आणि दोन दिवसांत काही न खाल्लेली बोग्ना त्याच्यापाशी आली की तोंड फिरवत होती.

दहा मिनिटांनी वरून हाक आली. "भाडेकरू! ए पोरी! वर ये!"

बोग्ना दोन-दोन पायऱ्या चढत पळाली. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर ओझोग उभे होते, शेजारी एक तरुण डॉक्टरीणबाई. त्यांच्यापुढे स्तेफानियाबाई. रुमाल मानेवर घसरला होता.

"तिनं मला ओळखलं नाही," त्या बोग्नाला म्हणाल्या. "मला म्हणाली, बाई, पोरांना जेवायला घाला, घंटा झाली. मला. बाई."

"स्तेफानियाबाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही काय ते सांगा. वेळ नाहीये."

स्तेफानियाबाईंनी ओठ उघडले. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. मनातल्या मनात बोग्ना त्यांना ढकलत होती, म्हणा, म्हणा एकदाचं.

"मी दारोदार गेलेय," त्या म्हणाल्या. "पावसात. अकराशे दारं. लोक कुत्री सोडायचे माझ्यावर. याच तोंडानं मी त्यांना सांगत होते. आता याच तोंडानं कसं म्हणू? नाही येत मला. देवा, नाही येत."

"मग आम्हाला थांबावं..."

"मध्ये बोलू नका! कधी नव्हे ते एकदा बोलतेय मी!" त्यांनी नाक पुसलं आणि बोग्नाकडे बोट केलं. "हिला विचारा."

"ही कोण तुमची? मावसबहीण तर..."

"कसली मावसबहीण! दोघी नऊ वर्षं एका घरात राहतात, एका खोलीत. मूलही हिचंच म्हणते. अजून काय पाहिजे, लग्नपत्रिका छापू? ही घरातली आहे. हिला विचारा. मी प्रार्थनाघरात बसते. मी काही ऐकलेलं नाही, मी काही सांगितलेलं नाही, आणि मी तक्रार करणार नाही. माझ्या बायकाही करणार नाहीत. ते माझ्याकडे लागलं. एवढं पुरे ना तुम्हाला?"

डॉक्टरांनी तरुण डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. स्तेफानियाबाई पाठ फिरवून चालू लागल्या, आणि चालता चालता त्यांनी दोन्ही तळहात कानांवर ठेवले, भांडण ऐकायचं नसलं की लहान मुलं ठेवतात तसे.

"बोला," डॉक्टर बोग्नाला म्हणाले.

आणि आता बोग्नाचीही जीभ अडली. इतका वेळ तिला वाटत होतं की ही म्हातारी एक वाक्य का बोलत नाही, एवढं काय आहे त्यात? आता ते वाक्य तिच्या तोंडात होतं आणि त्याला वजन होतं. एकशे चाळीस ठोक्यांचं. रात्री कालिनाच्या पोटावर हात ठेवून ती ज्याच्याशी धुराड्यांच्या गप्पा मारायची, त्याचं. तिला रडू फुटलं, काळंकुट्ट, सगळी काजळी गालांवरून खाली आली.

"थांबू नका आता," ती म्हणाली. "बाळ जाऊ दे. काढा त्याला. कालिनाला वाचवा."

"दोघांनी ऐकलंय," डॉक्टर म्हणाले, आणि दोन दिवस न हललेला तो माणूस एकदम धावायला लागला. दारं उघडली, खाट बाहेर आली, कालिनाचा हात खाटेवरून खाली लोंबत होता, कुणीतरी तो उचलून आत ठेवला. मग पुन्हा दारं लागली.

एक तास दहा मिनिटं गेली. बाहेर अंधारून आलं, नोव्हेंबरात येतं तसं चार वाजताच. नऊ महिन्यांवाल्या बाईनं चार नंबरच्या दारातून डोकं काढून विचारलं, "आली का बाहेर?" आणि नाही म्हटल्यावर ती बटण धरूनच परत गेली. बोग्ना इकडून तिकडे जात राहिली. कधीतरी स्तेफानियाबाई खालून आल्या आणि बाकाच्या टोकाशी बसल्या. त्यांच्या हाताच्या तळव्यावर पाइपानं भाजल्याचा लाल पट्टा उठला होता, तो त्या दुसऱ्या हातानं झाकत होत्या.

डॉक्टर बाहेर आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"घरचं कोण आहे?" त्यांनी विचारलं. रोजची सवय, दुसरं काय.

बोग्नाचीही सवयच. आईला जागा द्यायला ती एक पाऊल मागे सरली.

स्तेफानियाबाई उठल्या नाहीत. "हिला सांगा," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "हिनंच ठरवलंय."

बोग्नाला त्या वाक्यात काय आहे ते नीट कळलं. ते वाक्य आता जन्मभर पुरणार होतं. नाताळच्या ताटावर, बोलावलंच कधी तर, ते वाढलं जाणार होतं. गावात ते तिच्या आधी पोचणार होतं. एक दिवस कालिना विचारणार होती, तेव्हाही हेच उत्तर तयार असणार होतं: हिनंच ठरवलंय. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा, त्या घरातल्या कुणीतरी डॉक्टरला सांगितलं होतं की घरचं माणूस ही आहे. दोन्ही एकदमच मिळत होतं. वेगवेगळं कुणी देणार नव्हतं. बोग्ना पुढे झाली.

"वाचली," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस कठीण आहेत, पण वाचेल. गर्भाशय काढावं लागलं. काल केलं असतं तर कदाचित..." त्यांनी टोपी चुरगळली. "मुलगी होती."

बाकावर स्तेफानियाबाईंच्या तोंडून एक आवाज आला.

"आत एकालाच जाता येईल," डॉक्टर म्हणाले.

बोग्नानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं डगला काढून बाकावर टाकला आणि ती आत गेली.